चावदिसाचे पोहे

आमच्या घरी कुणी जेवायला यायचे ठरले, की दोन दिवस आधीपासून माझ्या अंगात येते. यादी होते, यादीची यादी होते, पितांबरी लावून वाट्या चकचकीत होतात, आणि घरातली माणसे माझ्या वाटेतून बाजूला सरकतात. 'रुचिरा' 1970 साली निघाले. आमच्या आईची त्याची प्रत हळदीने पिवळी झालेली आहे, ती माझ्याकडे आहे. त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर मी पाहुण्यांना अकरा-अकरा पदार्थ वाढलेले आहेत. लोक तोंडभर नाव काढतात. मग ते निघून जातात, मी ओट्यापाशी टेकते, आणि माझ्या ध्यानात येते की आलेल्या माणसाच्या अंगात कुठल्या रंगाचा सदरा होता हेसुद्धा मला सांगता यायचे नाही.

तीन वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याकडचे आमचे काका असेच जेवायला आले. 'असेच' म्हणते खरी, पण ते येणे साधे नव्हते. माझे वडील आणि काका यांच्यात वाटणीवरून तेढ आली होती, आणि तिला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. गावच्या घराच्या माजघरात मधोमध भिंत उभी राहिली. त्यानंतर वडील गावाला गेले नाहीत, काका मुंबईला आले नाहीत. वडील वारले आणि त्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, आधी एक फोन करून, काका दादरच्या आमच्या जिन्यावर उभे राहिले. हातात एक कापडी पिशवी.

"फोव आसत. नव्या भाताचे," ते म्हणाले.

मी पिशवी घेतली, नमस्कार केला, त्यांना पंख्याखाली बसवले आणि पिशवी माळ्यावर टाकली. कारण आत माझा मसालेभात दमावर होता, आळूवड्या तळायच्या होत्या, पुऱ्यांची कणीक भिजत होती. काकांना पान वाढले. मी वाढत होते, आत जात होते, बाहेर येत होते. मध्येच एकदा ते म्हणाले, "वाइच बस गो हयसर." मी म्हटले, "आलेच हं काका, एवढा घाणा काढते." पुन्हा एकदा म्हणाले. पुन्हा मी 'आलेच' म्हटले. रात्री त्यांना कोकणकन्या गाठायची होती. श्रीखंडाची वाटी संपवून ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

पुढच्या माघात काका वारले. बाराव्याला एका दिवसासाठी मी जाऊन आले. ती काही बोलायची वेळ नव्हती. चैत्रात माळा झाडायला काढला, तेव्हा ती पिशवी हाताला लागली. आत सोंडकिड्यांनी संसार थाटला होता.

त्या वर्षी गावी सण नव्हता. नंतरच्या दिवाळीच्या आधी आठ दिवस काकींचा फोन आला. "औंदा चावदिसाक ये गो." चावदिस म्हणजे नरकचतुर्दशी. आमच्या सिंधुदुर्गात दिवाळी म्हणजे मुख्यतः हाच दिवस, आणि ह्या दिवशी लाडू-चकल्यांआधी मान असतो तो पोह्यांना. हे मला ऐकून ठाऊक होते. खाल्ले होते ते मात्र आठ-नऊ वर्षांची असताना.

माझे वडील पहिल्यांदा मुंबईला निघाले ते वेंगुर्ल्याच्या बंदरातून बोटीने. ह्याच बंदरात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून आहेत. बोटी बंद झाल्या, मग घाट चढून-उतरून एस.टी.चा प्रवास, आणि 1998 पासून पूर्ण मार्गाने कोकण रेल्वे. आता रात्री मुंबईत गाडीत निजावे आणि सकाळी कुडाळला डोळे चोळत उतरावे, इतके सोपे झाले आहे. इतके सोपे असून मी बावीस-चोवीस वर्षे गेले नाही, ह्याचा दोष गाडीला देता येत नाही.

कुडाळ स्टेशनावरून रिक्षा केली. कापणी बहुतेक उरकली होती. मळ्यांतून भाताच्या उडव्या रचलेल्या, कुठे अजून पेंढ्या आडव्या पडलेल्या, आणि सगळ्या रस्त्याला ओलसर पेंढ्याचा वास. रिक्षावाल्याने माझ्या बॅगांकडे पाहून विचारले, "लग्न आसा काय?" बॅगा खरोखरच लग्नाच्या होत्या. चकल्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू, करंज्या, शिवाय पनीर बर्फात घालून आणलेले. काकींकडे चावदिसाला सगळी वाडी येते असे ऐकले होते. म्हटले, म्हाताऱ्या माणसाला त्रास नको, आपण करू सगळे.

काकी खळ्यात शेणाने सारवत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. मान वर करून म्हणाल्या, "इलंस? पाय धू, पेज घे." बस्स. उकड्या तांदळाची ऊन पेज, वर मिठाची कणी, बाजूला खारातल्या कैरीची फोड आणि भाजलेला पापड. रात्रभराच्या प्रवासानंतर त्या पेजेने पोटाला जे बरे वाटले, ते कुठल्याही हॉटेलच्या नाश्त्याने वाटलेले मला आठवत नाही. पाहुण्याला पहिल्या प्रथम काय हवे असते, हे त्या बाईला विचारावे लागत नव्हते. आणि मी पेज पीत असताना त्या समोर बसल्या होत्या. हात सारवणाने भरलेले, तसेच गुडघ्यावर टेकवून.

"उद्या किती माणसं येतील?" मी विचारले.

"येतीत तितकी."

माझ्यासारख्या यादीवालीला ह्या उत्तराने घाम फुटावा. मी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर तिथे काही चाललेलेच नव्हते. काळे वाटाणे सकाळीच भिजत पडले होते. कोपऱ्यात पोह्यांचा डबा. भिंतीशी सहा नारळ सोलून ठेवलेले, पाच उद्यासाठी आणि एक आजच्या वाटपासाठी. गुळाची ढेप, आल्याचा तुकडा, मिरच्या, परसातला कढीलिंब. एवढ्यात वाडीभर माणसे जेवायची?

पोह्यांचे आधी सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. नवे भात आले, की ते रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचे, सकाळी निथळून भाजायचे आणि गरम आहे तोवरच कांडायचे. निवले की दाणा चपटा न होता फुटतो. काकींच्या तरुणपणी हे सगळे घरच्या उखळात, दोघी-तिघींनी आळीपाळीने मुसळ मारून होई. आता पोहे गिरणीतून येतात. काकींना त्याचे दुःख नाही. "तुका काय म्हायत मुसळाचा वजन," एवढेच त्या म्हणाल्या. जुन्या गोष्टींचे गोडवे गाणारे बहुधा मुसळ न उचललेलेच असतात. पण भात मात्र घरचे, लालसर; त्या पोह्यांना नुसते हुंगले तरी भाजक्या दाण्याचा वास येतो. शहरातल्या पांढऱ्याफेक पोह्यांना वास नसतो, म्हणून आपल्याला त्यांच्यात इतके काय काय घालावे लागते.

संध्याकाळी वाटाणे शिजवले. काळा वाटाणा मोठा हट्टी. सकाळी भिजवून, मध्ये एकदा पाणी बदलून, संध्याकाळी कुकरला लावला तरच नमतो. सहाव्या नारळाचे खोबरे आणि कांदा तव्यावर बदामी होईपर्यंत परतून, धणे आणि घरच्या मालवणी मसाल्याबरोबर वाटले, ते वाटप उसळीला लावून, मीठ घालून एक उकळी दिली, आणि पातेले झाकून ठेवले. "आता रात्रभर मुरता," काकी म्हणाल्या. सकाळी फक्त ऊन करायची. उसळीचा विषय संपला. सुट्टीत आमच्या जिल्ह्यात येणारे प्रवासी मासळीच्या ताटापाशीच थांबतात आणि मालवणी जेवण म्हणजे तेवढेच समजून परत जातात; त्यांना ह्या उसळीची ओळख कुणीतरी करून द्यायला हवी.

मग आम्ही दोघी नारळ खवायला बसलो. काकी विळीवर, मी हातात वाटी घेऊन. मधल्या भिंतीला पाठ टेकून आम्ही बसलो होतो. भिंतीपलीकडे वडिलांची बाजू. तिथे कुलूप. पण मघाशी मी पाहिले होते, त्या बाजूची पडवीही सारवलेली होती आणि उंबऱ्यावर रांगोळी होती.

पाच नारळ खवायला वेळ लागतो. तिसऱ्या नारळाला मी म्हटले, "काकी, काकांनी आणलेले पोहे मी केलेच नाहीत. माळ्यावर राहिले. किडे पडले. टाकून दिले."

विळीचा आवाज थांबला नाही. त्या म्हणाल्या, "कोंबड्यांका घालूक नाय?"

"मुंबईत कुठल्या कोंबड्या?"

"ता पण खरा."

चौथा नारळ फुटला. पाणी तांब्यात धरले. मी विचारले, "परत आल्यावर काका काही म्हणाले होते?"

"म्हणाले, जेवान बरा होता. पण चेडू काय वाइच बसला नाय."

जेवण चांगले होते, पण पोरगी काही घटकाभर बसली नाही. मी खोबऱ्याच्या वाटीकडे पाहत राहिले. मग विचारले, "त्यांना काही सांगायचं होतं का मला?"

काकींनी विळी आडवी केली. "माका काय म्हायत? ता तुकाच सांगूचा होता."

रात्री मला झोप लागली नाही. माझ्या बॅगेतल्या पनीरचे पाणी झाले होते, ते मी गुपचूप परसात जाऊन ओतले.

पहाटे चारला काकींनी उठवले. तेल, उटणे, चुलीवरच्या हंड्यातले पाणी. मग तुळशीपाशी कारीट. हे कडू रानफळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे, म्हणजे नरकासुर मेला; त्याचा रस जिभेला लावायचा आणि बी कपाळाला. मी फोडले, चाटले, आणि लहानपणीचा तो कडूपणा जसाच्या तसा जिभेवर आला. काकींनी तुळशीपुढे पणती ठेवली, आपल्या उंबऱ्यावर एक ठेवली, आणि एक घेऊन भिंतीपलीकडच्या उंबऱ्यावर ठेवून आल्या.

ह्यानंतरचा एक तास मी आयुष्यात विसरणार नाही. पाच तऱ्हेचे पोहे झाले आणि चूल लागली ती एकाच तऱ्हेला.

पहिले दडपे पोहे, कारण त्यांना मुरायला वेळ हवा. 6 वाट्या पातळ पोहे, 2 वाट्या ओले खोबरे, मीठ, चमचाभर साखर, एका लिंबाचा रस, आणि काल तांब्यात धरलेले नारळाचे पाणी साधारण 1 वाटी, तेही एकदम न ओतता हाताने शिंपडत. सगळे हलक्या हाताने कालवायचे, ताट झाकायचे आणि वर वजन ठेवायचे. काकींनी पाटाखालचा वरवंटाच उभा केला. अर्ध्या तासाने वरून हिंग, मोहरी, शेंगदाणे, मिरची आणि कढीलिंबाची फोडणी, ती काकींनी काल रात्रीच करून वाटीत ठेवलेली. सणाची सकाळ म्हणून कांदा नाही. एरवी घालावा, छान लागतो.

दुसरे गोडे पोहे. 4 वाट्या पोहे, दीड वाटी खोबरे, 1 वाटी चिरलेला गूळ, वेलदोडा, आणि विसरू नये अशी मिठाची चिमूट. गूळ आणि खोबरे आधी एकमेकांत चोळायचे, गुळाला पाणी सुटले की मगच पोहे. उलट केले तर गुळाचे खडे दाताखाली येतात.

तिसरे रसातले. दोन नारळांचे खोबरे वाटून पिळून 3 वाट्या घट्ट दूध काढायचे, त्यात 1 वाटी गूळ विरघळवायचा, वेलदोडा, मीठ, आणि खाण्याच्या थोडे आधी धुऊन निथळलेले 2 वाट्या जाडे पोहे. हे भांडे आचेवर ठेवायचे नाही. नारळाचे दूध फुटते. चौथे ताकातले. धुतलेल्या जाड्या पोह्यांवर आंबट नसलेले ताक, किसलेले आले, मीठ, आणि तुपातली जिरे-मिरचीची फोडणी, पण गार झालेली. पाचवे आपले नेहमीचे फोडणीचे, बटाट्याच्या काचऱ्या घालून. तेवढ्यांसाठी चूल पेटली, आणि ते माणसे खळ्यात दिसू लागल्यावर.

मी घड्याळ पाहिले. साडेपाच. काकींनी नवे लुगडे नेसले, केसांत अबोलीचा वळेसर घातला, पाच पातेली माजघराच्या उंबऱ्याशी ओळीने मांडली, शेजारी उसळीचे पातेले आणि केळीची पाने, आणि त्या पाटावर बसल्या. बसल्या म्हणजे बसल्या. त्यानंतर नऊ वाजेपर्यंत एकदाही उठल्या नाहीत.

माणसे येत राहिली. शेजारचे, वरच्या घरचे, नदीपलीकडचे, पोरांचा एक घोळका फटाक्याच्या वासासकट. येणाऱ्याला एकच प्रश्न: "गोड काय तिखट?" पान पुढे यायचे, त्यावर ओंजळीने पोहे पडायचे, आणि मग खरी गोष्ट सुरू व्हायची. कुणाची गाय व्याली, कुणाच्या काजूच्या कलमांना औंदा पाऊस लांबल्याने काय झाले, कुणाची सून गोव्यात नोकरीला लागली. एक म्हातारे गृहस्थ काहीच बोलले नाहीत. त्यांनी रसातले पोहे दोनदा घेतले आणि काकांच्या फोटोकडे बघत बसले. काकी त्यांच्याशी काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या बाजूला तोंड करून बसल्या. ते पंधरा मिनिटांनी उठले तेव्हा म्हणाले, "बरा वाटला."

मी आतबाहेर करत होते, अर्थात. सवय! माझ्या लाडू-चकल्यांची ताटे मी फिरवत होते, आणि लोक भिडेखातर एक-एक उचलत होते. सात वाजता काकींनी माझा पदर धरून खाली ओढले. "बस मगे हयसर."

मी बसले. समोरच्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, तू अमक्याची ना, नाक बापाचेच आहे. मग त्यांनी मला माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगितली. ते दहा वर्षांचे असताना चावदिसाला ह्याच उंबऱ्यापाशी गोडे पोहे खाऊन खाऊन आजारी पडले होते, आणि धाकट्या भावाने, म्हणजे काकांनी, त्यांना पाठुंगळी घेऊन वैद्याकडे नेले होते. "धाकटो थोरल्याक घेवन गेलो!" सगळे हसले. काकीही हसल्या. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. वडिलांनी सांगितली नाही. आणि काकांनी सांगितली असती की नाही, कोण जाणे.

निघताना काकींनी पोह्यांची पिशवी दिली. तशीच कापडी. "माळ्यार टाकू नको," एवढेच बोलल्या.

मुंबईला पोचले ती भाऊबिजेची सकाळ. गाडीतूनच मी काकांच्या मुलाला फोन केला होता. तो बोरिवलीला असतो, आणि आम्ही दोघे एकाच शहरात राहून लग्नकार्यांपलीकडे भेटलेलो नव्हतो. संध्याकाळी ये म्हटले. तो आला तेव्हा घरात दोन पातेली होती: दडपे आणि ताकातले. उसळ मी केली नाही, काळे वाटाणे भिजवायला वेळच नव्हता. नवऱ्याने स्वयंपाकघरात डोकावून काळजीने विचारले, "एवढंच?"

ओवाळून झाले. मी दोन्ही पातेली बाहेरच आणली आणि चटईवर बसले. त्याने पहिला घास घेतला, थांबला आणि म्हणाला, "आईकडचे?"

"कालच आणले."

तो खात राहिला. मग पान बाजूला सारून म्हणाला, "ताई, त्या मधल्या भिंतीचं काय करायचं, ते बोलायचं होतं. बरीच वर्षं."

आत कुकरची शिटी झाली. भात सकाळच्या डब्यासाठी लावला होता. मी नवऱ्याकडे पाहिले. तो उठला आणि गॅस बंद करायला आत गेला.

"बोल," मी म्हटले.